किमोनो कुणाच्या सोयीचा?

मुंबईच्या मॉलमध्ये २०१६ साली मुजी हे जपानी दुकान आलं, २०२३ साली कपड्यांचं युनिक्लो आलं, आणि ‘जपानी डिझाइन’ हा विषय रील्सपासून फर्निचरच्या दुकानांपर्यंत सगळीकडे पोचला. या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: जपानी वस्तू उपयोगीही असते आणि देखणीही. पण जपानबद्दल थोडंफार वाचलेला माणूस इथे बुचकळ्यात पडतो. कारण त्याच देशात शिकल्याशिवाय धड नेसता न येणारा किमोनो आहे. पहिलीतल्या पोराच्या पाठीवर रिकामं असतानाच किलोभर भरणारं दप्तर आहे. पाण्यात विसरला की खराब होणारा लाकडी डबा आहे. याला सोय म्हणायची की हौस?

त्याआधी एक विचारायला हवं. सोय कुणाची, आणि केव्हाची? वापरतानाची, धुतानाची, कपाटात ठेवतानाची की फाटल्यावरची? एकाच वस्तूला या चार वेळी चार वेगळी उत्तरं मिळतात, आणि वापरतानाचं उत्तर नेहमीच पहिलं येतं असं नाही.

## आधी कापड, मग माणूस

शर्ट शिवताना शिंपी अंगाच्या वळणाप्रमाणे कापड कापतो. बगल गोल, खांदा तिरका, गळा गोल. उरलेल्या चिंध्या फेकल्या जातात आणि कापलेलं कापड पुन्हा सरळ होत नाही. किमोनोत हे वळणच नाही. त्याचं कापड, ज्याला तानमोनो म्हणतात, जेमतेम ३६ ते ३८ सेंटिमीटर पन्ह्याचं आणि साधारण १२ मीटर लांबीचं असतं. त्यातून आठ आयताकृती तुकडे निघतात: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढे एकावर एक येणाऱ्या अरुंद पट्ट्या दोन, एक कॉलर आणि त्या कॉलरवर बसणारी छोटी वरची कॉलर. पुढच्या पट्ट्या आणि कॉलर हे एकाच लांबीतून शेजारी शेजारी उभे कापतात. खांद्यावर शिवण नसते, कारण अंगाचा तुकडा पुढून मागे सलग जातो. जास्तीचं कापड कापत नाहीत, शिवणीत दुमडून ठेवतात. कचरा जवळपास शून्य.

शिवण हाताची, साध्या धावदोऱ्याची. म्हणजे उसवायला सोपी, आणि ती मुद्दामच तशी ठेवलेली. चांगल्या रेशमी किमोनोची पूर्ण धुलाई करायची तर तो आधी सगळा उसवतात, तुकडे एकमेकांना टाके घालून पुन्हा लांब पट्टी करतात, धुतात, खळ देतात आणि फळीवर किंवा बांबूच्या बारीक ताणकाड्या लावून वाळवतात. या पद्धतीला आराइहारी म्हणतात. पट्टी वाळली की तोच किमोनो पुन्हा शिवायचा, किंवा शिवणीत दुमडलेलं कापड मोकळं करून दुसऱ्या मापाचा शिवायचा. विटलेली बाजू आत जाईल अशा बेताने तुकड्यांच्या जागाही बदलता येतात. मानेचा घाम लागतो तो भाग वरच्या कॉलरखाली झाकलेला असतो, म्हणून बहुतेक वेळा तेवढीच काढून धुतली तरी भागतं. युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला साधा सुती किमोनो, जुना होऊन मऊ पडला की त्याचे तान्ह्या बाळासाठी लंगोट, आणि मग फडकी.

ठेवण्याचंही तसंच. शिवणीवर शिवण ठेवून घडी घातली की किमोनो कागदासारखा सपाट होतो आणि खणात एकावर एक रचता येतो. हँगर नको, उंच कपाट नको. आपल्या साडीचंही तंत्र हेच: आकार कापडात नसतो, नेसण्यात असतो, म्हणून एक साडी तीन पिढ्यांना पुरते.

थोडक्यात, किमोनो कापडाच्या सोयीचा आहे, धुणाऱ्याच्या आणि ठेवणाऱ्याच्याही. अंगावर घालणाऱ्याचा नंबर नंतर लागतो.

## मग माप कसं बसतं?

बायकांचा किमोनो साधारण उंचीइतका लांब असतो. नेसताना तो कमरेशी वर ओढून दोरीने बांधतात आणि जास्तीचं कापड दोरीवरून खाली घडी करून सोडतात. या घडीला ओहाशोरी म्हणतात. उंचीत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक असला तरी घडी लहान-मोठी करून तोच किमोनो बसतो. ती घडी आतून सरळ करायला हात घालता यावा म्हणून बायकांच्या किमोनोत काखेखाली एक फट ठेवलेली असते. परदेशी पाहुण्यांना ती उसवलेली शिवण वाटते.

फसतं ते बाहीच्या मापात. मणक्यापासून मनगटापर्यंतचं अंतर दोन पन्ह्यांत बसवावं लागतं: एक पन्हा पाठीचा, एक बाहीचा. ३६ सेंटिमीटरचे दोन म्हणजे ७२, शिवणीचे वजा केले की ६८ च्या आसपास. त्यापुढे जाताच येत नाही. जुन्या कापडांचे पन्हे तर याहून अरुंद, शिवाय तेव्हाच्या बायका आजच्यापेक्षा ठेंगण्या. म्हणून जुन्या बाजारातून किमोनो घेताना लांबी बघण्यात वेळ घालवू नये. लांबी सांभाळून घेता येते, बाही नाही. शिवणीत किती कापड दुमडलेलं आहे ते आत हात घालून चाचपायचं. तिथे काही नसेल तर मनगट उघडं राहणार हे धरून चालायचं.

## ‘पण त्यात धड वाकता येत नाही, त्याचं काय?’

खरं आहे. पावलं आखूड पडतात, बाही सूपमध्ये बुडते, आणि बायकांचा ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, तीसेक सेंटिमीटर रुंद आणि चार मीटरहून लांब असतो. गंमत अशी की किमोनो धरून ठेवायचं खरं काम आतल्या साध्या दोऱ्या करतात. वरचा रुंद ओबी बहुतांशी दिसण्यासाठी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ओबी अरुंदच होता. शहरं श्रीमंत झाली, काबुकी नाटकांतल्या नटांची फॅशन आली, आणि पट्टा वाढत गेला. मागची चौकोनी ढोलासारखी गाठ तर १९व्या शतकातली. तिच्यात छोटी उशी घालावी लागते. ही निव्वळ शोभा आहे, आणि ती उपयोगी असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही.

मात्र शेतात, बंदरात, बांधकामावर असा किमोनो कुणी घालत नव्हतं. तिथे अरुंद बाह्यांचे आखूड सदरे होते, पायाला घट्ट विजारी होत्या. किमोनोतच घरकाम करायचं झालं तर तासुकी नावाची लांब दोरी पाठीवर फुलीसारखी घालून बाह्या वर बांधून टाकायच्या. १९२३ साली क्युशूतल्या कुरुमेमधून शोजिरो इशिबाशींनी रबरी तळाचा दुबोटी बूट बाजारात आणला, जिकाताबी. आधीच्या प्रकारात तळवा शिवलेला असे, दोरा झिजला की तो सुटून यायचा. यांनी तो चिकटवला. अंगठा वेगळा राहिल्याने शिडीवर आणि बांबूच्या परांचीवर पकड चांगली येते. खाणकामगारांनी तो उचलून धरला. याच इशिबाशींनी पुढे १९३१ साली ब्रिजस्टोन ही टायरची कंपनी काढली. तो बूट कुणी सुंदर म्हणून घेतला नव्हता, पण आज तोच फॅशनच्या दुकानात मिळतो.

## खिसा नाही, म्हणून कला

किमोनोला खिसा नाही. पुरुष औषधाची डबी, तंबाखूची पिशवी दोरीने ओबीला लटकवत, आणि दोरी घसरू नये म्हणून वरच्या टोकाला एक अटकण लावत. हीच नेत्सुके. ती कशी असावी हे कामानेच ठरवलं: मुठीत मावेल इतकी लहान, रेशमात अडकेल असं एकही टोक नाही, आणि दोरी ओवायला दोन भोकं. तीही अशी की लटकल्यावर आकृती उलटी होऊ नये. एवढ्या अटी पाळून कारागिरांनी हस्तिदंतात आणि लाकडात उंदीर, भिक्षू, झोपलेली मांजरं कोरली. शेपूट अंगाला का चिकटलेलं, कान का दुमडलेले? रेशमाला ओरखडा पडू नये म्हणून. संग्रहालयाच्या काचेमागे पाहताना हे कारण लक्षात येत नाही.

## ‘ही सगळी गरिबीची करामत नाही का?’

बरीचशी आहे, आणि ते झाकण्याचं कारण नाही. उत्तरेकडे त्सुगारू प्रांतात, म्हणजे आजच्या आओमोरीच्या पश्चिम भागात, थंडीमुळे कापूस पिकत नव्हता आणि शेतकऱ्यांनी सुती कापड वापरू नये असे सरंजामी नियम होते. अंगावर तागासारखं विरळ कापड. वारा आरपार. बायकांनी त्या कापडाची भोकं सुती दोऱ्याने भरून काढली. उभे धागे मोजून, दर वेळी विषम संख्येवर टाका: एक, तीन, पाच, सात. त्यातून आपोआप पत्त्यांतल्या चौकटचा आकार उमटतो. हे कोगिन भरतकाम. शेजारच्या नानबू भागात सम संख्येवर टाके घालत, म्हणून तिथला चौकट आडवा पसरतो. नक्षी म्हणून जे दिसतं ते मुळात छाती-पाठ झाकणारं जाड अस्तर आहे. १८९१ साली रेल्वे आओमोरीला पोचली, स्वस्त सुती कापड मिळू लागलं आणि कोगिन मागे पडलं. गरज संपल्यावर ते उरलं कला म्हणून.

ठिगळांवर ठिगळं लावलेले तसले जुने कपडे आज गॅलरीत टांगून विकले जातात. ज्यांनी ते थंडीत घातले त्यांच्या घरी ती लाजेची गोष्ट होती, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

शहरांत उलटी कथा. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ मध्ये, व्यापाऱ्यांकडे पैसा होता पण भपक्यावर सरकारी बंदी यायची. मग ते वरून तपकिरी, करडा, निळा असला मुकाट रंग घालत आणि सगळा खर्च अस्तरावर करत. नक्षी इतकी बारीक की दहा पावलांवरून साधं कापड वाटावं. ज्याला आपण ‘जपानी साधेपणा’ म्हणतो त्यातला काही भाग हा सरळ सरळ कायद्याला दिलेला चकवा आहे. आग विझवणाऱ्यांचा कोटही असाच: जाड, अनेक थरांचा, टाके घालून शिवलेला, आणि पाण्याने भिजवून घालायचा. वरून साधा, आत ड्रॅगन नाहीतर योद्धे. आग विझली की कोट उलटा घालून मिरवायचं.

## एक बाटली, तीन वर्षं

वस्तूंकडे वळू. किक्कोमानची लाल टोपणाची सोया सॉसची बाटली १९६१ सालची. डिझायनर केंजी एकुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती जमवायला तीन वर्षं लागली, शंभराच्या वर नमुने झाले. तोवर सॉस १.८ लिटरच्या बाटलीत मिळायचा आणि घरोघरी बायका तो लहान भांड्यात ओतायच्या. सांडायचा, ओघळायचा.

घोळ होता तो तोटीत. साध्या तोटीचा खालचा ओठ पुढे आलेला असतो, म्हणून ओतणं थांबवलं की शेवटचा थेंब त्या ओठाला चिकटून बाहेरून खाली येतो. या बाटलीत खालचा ओठ आत कापला. थेंबाला चिकटायला जागाच नाही, तो मागे फिरतो. टोपणाला समोरासमोर दोन तोट्या: एकीतून सॉस बाहेर, दुसरीतून हवा आत. दुसरीवर बोट ठेवलं की धार मंदावते. बूड रुंद, म्हणून धक्क्याने आडवी होत नाही. मान बारीक, म्हणून दोन बोटांत धरता येते. काच, म्हणून किती उरलंय ते दिसतं. यातली एकही वळणरेषा नुसती शोभेची नाही, आणि तरी ती जेवणाच्या टेबलावर शोभते.

पण इथेही सोय कुणाची हे विचारावंच लागतं. उघडल्यावर सॉसला हवा लागते, तो काळसर होतो, वास उतरतो. काचेच्या बाटलीत हे टळत नाही, म्हणून तर ती १५० मिलिलिटरचीच. २०१० च्या सुमारास दुहेरी थराच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. दाबलं की सॉस येतो, हवा आत जात नाही, तो महिनोन्‌महिने ताजा राहतो. चवीच्या हिशेबाने काचेची बाटली आता मागे पडली आहे. हॉटेलांत ती चालते कारण तिथे ती दोन दिवसांत रिकामी होते.

## फुरोशिकी: गाठ चुकली की सगळं सुटलं

जपानमध्ये १ जुलै २०२० पासून दुकानातल्या प्लास्टिक पिशवीला पैसे पडू लागले आणि वस्तू बांधायचा चौकोनी रुमाल, फुरोशिकी, पुन्हा चर्चेत आला. माप सोपं: रुमालाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या तिप्पट हवा. ७० सेंटिमीटरच्या रुमालाचा कर्ण ९९, म्हणजे ३३ सेंटिमीटरपर्यंतची वस्तू. जेवणाच्या डब्याला ४५ चा पुरतो.

वस्तू कर्णावर ठेवा, समोरासमोरची दोन टोकं तिच्यावर दुमडा, उरलेली दोन बांधा. गाठ मारताना पहिल्यांदा डावं टोक उजव्यावरून, दुसऱ्यांदा उजवं डाव्यावरून. दोन्ही वेळा एकच बाजू वर आली की गाठ सुटते. ओळखायची खूण: टोकं गाठीच्या दोन्ही बाजूंना आडवी पडली तर बरोबर, वर-खाली उभी राहिली तर चुकली. बरोबर गाठ कितीही वजनाने ढिली होत नाही, पण सोडायला नखं लावावी लागत नाहीत. एक टोक उलट दिशेने ओढून सरळ करा, दुसरं त्यावरून घसरून निघतं. कापड जाडसर सुती घ्या. चकचकीत पॉलिएस्टरवर हीच गाठ घसरते. आणि पावसात यातून कागदपत्रं नेऊ नयेत, हे सांगायलाच नको.

## ‘साधं असूनही एवढं महाग का?’

मुजी डिसेंबर १९८० मध्ये सेइयू या सुपरमार्केट साखळीचा स्वस्त माल म्हणून सुरू झालं, ४० वस्तूंनी. तुटलेले वाळवलेले शिताके मशरूम विकायचे, कारण रश्श्यात तुटका आणि अख्खा सारखाच लागतो. कागद ब्लीच करायचा नाही. त्या काळी तो साधेपणा म्हणजे खर्चातली कपात होती. पुढे तो दिसण्याचा प्रकार बनला. आज एखाद्या फिक्या रंगाच्या, लेबल नसलेल्या डब्यात काय वाचवलं आहे हे दिसत नसेल, तर आपण फक्त रूपाचे पैसे देतो आहोत.

असं आधीही झालं होतं. सोएत्सु यानागी या विचारवंतांनी १९२० च्या दशकात मिंगेई, म्हणजे लोककारागिरी, हा विचार मांडला: निनावी कुंभाराने रोजच्या वापरासाठी मोठ्या संख्येने, स्वस्तात घडवलेल्या भांड्यातच खरं सौंदर्य. १९३६ साली टोकियोत त्यांनी त्याचं संग्रहालय उघडलं. त्या चळवळीतल्या कुंभारांची भांडी आज रोजच्या जेवणात कुणी काढत नाही, लिलावात काढतात.

## गैरसोय ठरलेली सोय

शाळेचं दप्तर, रांदोसेरु. १८८० च्या दशकात टोकियोच्या गाकुशुइन शाळेत लष्करी पाठपिशवीवरून आलं. रिकामं असताना वजन साधारण १.१ ते १.४ किलो, सरासरी किंमत ६० हजार येनच्या घरात. बाजूने बोलणारे म्हणतात, सहा वर्षं एकच दप्तर टिकतं, आकार मोडत नाही, पुस्तकांचे कोपरे दुमडत नाहीत. सगळं खरं. पण ते तेव्हाचं गणित आहे. पुस्तकांची पानं वाढली, आणि सात वर्षांच्या मुलाच्या पाठीवरचं ओझं इतकं झालं की २०१८ साली शिक्षण मंत्रालयाला शाळांना कळवावं लागलं, काही पुस्तकं वर्गातच ठेवू द्या. पुढे वर टॅब्लेटही आला. दप्तर बदललं नाही, सवय बदलली. नायलॉनची हलकी दप्तरं मिळतात, पण आजी-आजोबांनी नातवाला दिलेली भेट म्हणून चामड्याचं किंवा चामड्यासारखं दिसणारंच चालतं. इथे रूढीने सोयीवर मात केली आहे, आणि त्याला ‘कालातीत डिझाइन’ म्हणणं म्हणजे शब्दांची सफेदी आहे.

## डबा विकत घ्यायचा असेल तर

मागेवाप्पा हा वाकवलेल्या लाकडाचा डबा आता भारतातही ऑनलाइन दिसतो. मूळ नावाजलेला अकिता प्रांतातल्या ओदातेचा: सीडरसारख्या सुगी लाकडाची पातळ फळी उकळत्या पाण्यात मऊ करून गोल वाकवतात आणि जोड चेरीच्या सालीने शिवतात. कोरं लाकूड भाताची वाफ शोषतं, त्यामुळे झाकणाखाली पाणी सुटत नाही आणि दुपारी भात मोकळा राहतो.

भरण्याआधी आतून ओला करून पुसून घ्या, म्हणजे तेल मुरत नाही. जेवल्यावर गरम पाणी घालून चिकटलेलं सुटू द्या, पण रात्रभर भिजत ठेवू नका. ब्रशने रेषांच्या दिशेने घासा, गरम पाण्याने विसळा, पुसा, आणि तोंड वर करून सावलीत वाळवा. पालथा ठेवला तर ओल आत कोंडते. भाताचा पिष्ट अंश आणि ओल एकत्र राहिली की काळे डाग पडतात, ते सहज जात नाहीत. उन्हात तडकतो, मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही. नीट वाळायला दिवस लागतो, म्हणून रोज वापरायचा तर दोन हवेत. झाकण नुसतं टेकवलेलं असतं, तेव्हा रस्साभाजी यातून न्यायची नाही.

हा सोपस्कार जमणार नसेल तर आतून युरेथेनचा लेप दिलेला डबा मिळतो. तो साबणाने घासता येतो आणि पटकन वाळतो. फक्त तो भाताची वाफ शोषत नाही.